सुटलेल्या कैद्याचा परवाना

खासगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा कायदा संसदेने २००५ साली संमत केला. त्याच्या दहाव्या कलमात सुरक्षारक्षकाच्या पात्रतेचे नियम आहेत. वय, शारीरिक क्षमता, प्रशिक्षण या गोष्टी सांगून झाल्यावर दुसरे पोटकलम असे बजावते की, सक्षम न्यायालयाने ज्याला दोषी ठरवले आहे अशा कोणासही सुरक्षारक्षक वा पर्यवेक्षक म्हणून नेमता येणार नाही. गुन्हा कोणता, शिक्षा किती आणि ती भोगून किती वर्षे लोटली, यांपैकी कशाचाही विचार त्या वाक्यात नाही. विशीत हातून घडलेल्या मारामारीबद्दल ज्याला शिक्षा झाली, तो पन्नाशीतही एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी काठी घेऊन उभा राहण्यास अपात्र आहे.

याच कायद्याचे सहावे कलम संस्थेच्या मालकाविषयी आहे. कंपनीच्या कारभारात लबाडी केल्याबद्दल शिक्षा झालेल्यास परवाना मिळत नाही, हे योग्यच झाले. पण इतर गुन्ह्यांच्या बाबतीत मालकाला अपात्र ठरवण्यासाठी, ज्या गुन्ह्याला कायद्याने किमान दोन वर्षांच्या कैदेची शिक्षा सांगितली आहे असा गुन्हा त्याने केलेला असावा लागतो. रक्षकाला कोणताही गुन्हा पुरतो. केवळ या कसोटीपुरते बोलायचे तर, किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेला इसम शंभर रखवालदारांना कामावर ठेवणारी संस्था चालवू शकतो. मात्र त्या शंभरांपैकी एक होऊ शकत नाही.

ही एकाच कायद्यातील विसंगती म्हणून सोडून देता आली असती. परंतु इतर व्यवसायांचे कायदे शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे तिच्यामागे एक क्रम असल्याचे दिसू लागते. वकिलीची सनद घेऊ इच्छिणाऱ्यास, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला असल्यास, १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचे २४-अ हे कलम आड येते. पण सुटकेनंतर दोन वर्षे उलटली की ही अपात्रता आपोआप संपुष्टात येते. सनदी लेखापालांचा कायदा १९४९ सालचा. त्याच्या आठव्या कलमान्वये अशाच गुन्ह्यात शिक्षा झालेल्याचे नाव नोंदवहीत येऊ शकत नाही. परंतु त्याने अर्ज केल्यास केंद्र सरकार लेखी हुकमाने ही अपात्रता दूर करू शकते. मोटार वाहन कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाखाली सराईत गुन्हेगार ठरलेल्या चालकाचा परवाना काढून घेता येतो, पण त्याचे म्हणणे ऐकून आणि कारणे लेखी नमूद करून. शिवाय त्याविरुद्ध तीस दिवसांत अपील करण्याची सोय आहे. आणि ज्या संस्थेत हे सर्व कायदे घडतात त्या संस्थेचे काय? दोन वर्षे वा अधिक कैदेची शिक्षा झालेला लोकप्रतिनिधी, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या आठव्या कलमानुसार, शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर सहा वर्षे निवडणूक लढवू शकत नाही. सातव्या वर्षी तो उमेदवारी अर्ज भरण्यास मोकळा होतो. अपील दाखल केल्याबरोबर सदस्यत्व वाचवणारी खास सवलत विद्यमान सदस्यांना होती, ती सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये रद्द केली. सहा वर्षांची मर्यादा मात्र कायम राहिली.

वकिलास दोन वर्षे, आमदार-खासदारास सहा वर्षे आणि रखवालदारास जन्मभर, असा हा हिशेब आहे. ज्याच्या हाती अधिक विश्वास आणि अधिक सत्ता सोपवली जाते, त्याच्यावरील बंदी अल्पकाळाची. ज्याच्या हाती फक्त फाटकाची किल्ली, त्याच्यावरील बंदी अमर्याद.

कायदे करणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. हे कायदे वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या मंत्रालयांत लिहिले गेले. वकिलांच्या बाजूने बोलायला त्यांच्या परिषदा होत्या, लेखापालांची स्वतःची संस्था होती, आणि आमदार-खासदारांना तर कोणाच्या शिफारशीची गरजच नव्हती. रखवालदाराचे कलम लिहिले जात असताना त्याच्या वतीने, सुटून किती वर्षांनी आम्ही पात्र होऊ, असा साधा प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. तो विचारला गेला नाही म्हणून उत्तरही कायद्यात आले नाही.

या प्रश्नाला केवळ मोठ्या गुन्हेगारांचा प्रश्न समजण्याची चूक नेहमी केली जाते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात रोज जी माणसे उभी राहतात त्यांपैकी कितीएक जुगार कायदा, दारूबंदी कायदा किंवा पोलीस कायदा यांखालच्या क्षुल्लक खटल्यांत आलेली असतात. वकिलाची फी आणि बुडणारा रोज यांचा हिशेब करून ती गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि घरी जातात. आपण ‘सुटलो’ अशी त्यांची समजूत असते. कायद्याच्या भाषेत मात्र त्या दिवशी ते दोषी ठरलेले असतात. हरियाणातील एका सरकारी कर्मचाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या २९४ व्या कलमाखाली, म्हणजे सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील वर्तनाबद्दल, २० रुपये दंड झाला होता. त्या वीस रुपयांपायी त्याची नोकरी गेली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला; इतकेच नव्हे, तर दोन हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची शिक्षा ही कोणत्याही कारणासाठी दोषसिद्धी मानली जाऊ नये असा कायदा संसदेने करावा, अशी सूचनाही केली. त्या सूचनेला तीन दशके होत आली. दरम्यान, जुन्या फौजदारी संहिता जाऊन नव्या संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आल्या. समाजसेवेची शिक्षा त्यांत नव्याने आली. वीस रुपयांच्या दंडाचे ओझे माणसाने किती काळ वाहावे याविषयी त्यांत शब्द नाही.

न्यायालयांनी याबाबत संसदेपेक्षा अधिक समज दाखवली, हे मान्य केले पाहिजे. दिल्ली पोलीस दलातील भरतीच्या एका प्रकरणात २०११ साली न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी तारुण्यातील चुकीकडे उदारपणे पाहण्याची गरज प्रतिपादन केली. पाव चोरल्यामुळे आयुष्यभर चोर ठरलेल्या, व्हिक्टर ह्युगोच्या कादंबरीतील जाँ व्हालजाँची त्यांना तेव्हा आठवण झाली. पुढे २०१६ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अशा प्रकरणांत गुन्ह्याचे स्वरूप आणि पदाचे स्वरूप यांची सांगड कशी घालावी याची सूत्रे घालून दिली. परंतु हे सारे निर्णय सरकारी नोकरीविषयीचे आहेत. सरकारी नोकरी ही अशी गोष्ट आहे की, तिच्यासाठी माणूस सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडतो. महिन्याच्या पगारावर बारा बारा तास उभा राहणारा रक्षक, ‘तुझा दाखला स्वच्छ नाही’ असे ऐकल्यावर भांडत नाही. तो दुसऱ्या फाटकाशी जातो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती हलक्या हाताने झटकून टाकण्यासारखी नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत भाड्याच्या मोटारीत एका तरुणीवर अत्याचार झाला. त्या मोटारीच्या चालकावर पूर्वी गुन्हे दाखल झाले होते, हे नंतर उघड झाले. अशा घटनेनंतर, आपल्या मुलीला रात्री घरी पोचवणारा, किंवा म्हाताऱ्या आईवडिलांच्या दारावर पहारा करणारा माणूस कोण आहे हे जाणून घेण्याचा हक्क कोणी मागितला तर त्याला निष्ठुर म्हणता येत नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. लहान मुलांवरील अत्याचाराबद्दल शिक्षा झालेल्याला शाळेच्या बसवर कधीही घेऊ नये, याबद्दलही दुमत होण्याचे कारण नाही. पण दिल्लीच्या त्या प्रकरणातून आणखी एक गोष्ट बाहेर आली होती: त्या चालकाने दाखवलेले चारित्र्याचे प्रमाणपत्र बनावट होते. ज्याला फसवायचे होते त्याने कागद पैदा केला. सरसकट बंदीमध्ये अडकतो तो खरे बोलणारा.

महाराष्ट्रात रिक्षा-टॅक्सीच्या बिल्ल्यासाठी चारित्र्य पडताळणी लागते. कारखाने, मॉल, घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्या हेही आता पोलिसांचा दाखला मागतात. या दाखल्यात शिक्षा झालेल्या गुन्ह्यांबरोबर नुसते दाखल असलेले, न्यायालयात पडून असलेले खटलेही येतात, आणि नेमणूक करणाऱ्याला त्या दोहोंतील फरक समजून घेण्यास वेळ नसतो. २०२२ च्या अधिकृत आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा पंचाहत्तरांहून अधिक, कच्चे कैदी होते. यांतील कोणाचाही गुन्हा त्या वेळी शाबीत झालेला नव्हता. अठरा वर्षांखालील मुलांना २०१५ च्या बाल न्याय कायद्याने या बाबतीत संरक्षण दिले आहे. खटला निकालात निघाल्यावर त्यांची नोंद पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी उघड करू नये, असे त्याचे चौऱ्याहत्तरावे कलम सांगते. सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलाला जे मिळते त्याचा अंशही एकोणीस वर्षांच्या पोराला मिळू नये, याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करणार?

पोलिसांच्या नोंदीचे ओझे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील काही जमातींना निराळे सांगावे लागत नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात त्यांच्या वसाहती झाल्या, हजेरी लागू लागली आणि तेथील माणसे गिरण्यांत कामाला जाऊ लागली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ सालचा. जमातीचे नाव कायद्यातून गेले, पण ठाण्यातील वहीतून आणि हवालदाराच्या मनातून गेले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. फासेपारध्याच्या तरुणाने दाखल्यासाठी अर्ज करणे आणि शहरातील एखाद्या पांढरपेशा तरुणाने करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातीवर आधारलेली कामांची वाटणी घटनाबाह्य ठरवली, आणि विमुक्त जमातींकडे जात्या गुन्हेगार म्हणून पाहण्याच्या वृत्तीवरही कोरडे ओढले. तो निकाल लिहिणाऱ्या सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचे वडील, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, यांनीच १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले होते. तुरुंगाच्या भिंतीच्या आत पोचलेला विचार आणि फुटपाथवर पोचलेला विचार यांच्या मध्ये तुरुंगाचे फाटक आहे. तेथून बाहेर पडणाऱ्याच्या उपजीविकेचा निकाल अजून व्हायचा आहे.

महाराष्ट्राजवळ या बाबतीत एक जुना वारसाही आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने, १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत उभारली. भिंत नाही, गज नाहीत. कसायला जमीन आणि सोबतीला कुटुंब. आटपाडी परिसरातच वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आंखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, त्यामागे ही वसाहत होती. त्या चित्रपटातील सहा खुनी भाजीपाला पिकवतात आणि बाजारात नेऊन विकतात. त्यांना कोणी दाखला विचारत नाही. त्यांच्यावर हल्ला होतो तो माल स्वस्त विकल्याबद्दल! विशेष म्हणजे २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानेही फेरीवाल्याकडून, धंदा स्वतः किंवा कुटुंबीयांमार्फत करीन, दुसरे उपजीविकेचे साधन नाही आणि परवाना कोणाला हस्तांतरित करणार नाही, एवढीच हमी मागितली आहे. पूर्वायुष्याची चौकशी त्यात नाही. चित्रपटातील सहाजण आजही भाजी विकू शकतील. त्यांनी फक्त भाजीमंडईच्या दारावर रखवालदारी मागू नये.

तुरुंगातील प्रशिक्षणाचाही येथे विचार केला पाहिजे. येरवड्यासारख्या कारागृहांत सुतारकाम, विणकाम, शिवणकाम शिकवले जाते आणि त्याला परवाना लागत नाही, हे खरे. परंतु स्वतःचे दुकान थाटण्याइतके भांडवल सुटणाऱ्या कैद्याच्या गाठीशी क्वचितच असते. हातमाग शिकून बाहेर आलेल्या माणसाला आजच्या शहरात प्रत्यक्षात ज्या कामांची दारे दिसतात ती म्हणजे पहारा, वाहन चालवणे आणि घरोघरी माल पोचवणे. आणि नेमकी तीच दारे दाखला मागतात. प्रा. मा. स. गोरे यांच्या समितीने पन्नाशीच्या दशकाच्या मध्यालाच सुटकेनंतरच्या पुनर्वसनाची योजना आखून दिली होती, न्या. मुल्ला यांच्या समितीने १९८३ साली त्यावर पुन्हा भर दिला. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प मुंबईत १९९० पासून सुटलेल्या बंदींना कामधंद्याला लावण्याची खटपट करीत आहे. शासन एका हाताने पुनर्वसनाला अनुदान देते आणि दुसऱ्या हाताने लिहिलेल्या कलमाने तेच पुनर्वसन बेकायदा ठरवते.

असाच प्रकार कॅलिफोर्नियात झाला होता. तेथे वणवे विझवण्यासाठी कैद्यांची पथके वापरली जातात. जीव धोक्यात घालून हे काम शिकलेला कैदी सुटल्यावर अग्निशामक दलात जाऊ पाहे, तेव्हा त्या नोकरीसाठी लागणाऱ्या तातडीच्या वैद्यकीय सेवेच्या प्रमाणपत्राच्या आड त्याची जुनी शिक्षा येई. २०२० साली त्या राज्याने कायदा करून अशा कैद्यांना आपली जुनी नोंद न्यायालयाकडून पुसून घेण्याचा मार्ग मोकळा केला. ब्रिटनमध्ये १९७४ पासूनच असा कायदा आहे की, शिक्षेच्या प्रमाणात ठरलेला काळ निष्कलंक गेला की दोषसिद्धी ‘सरली’ असे समजावे. मुलांशी संबंधित कामे, वैद्यक, वकिली असे काही व्यवसाय त्याला अपवाद ठेवले आहेत.

तथापि, उपायासाठी परदेशात जाण्याची आवश्यकता नाही. १९३८ च्या विमा कायद्यात विमा एजंटाविषयी जी तरतूद करण्यात आली, ती या बाबतीत नमुनेदार आहे. अपहार, विश्वासघात, फसवणूक, बनावट दस्तऐवज, म्हणजे ज्या गुन्ह्यांचा विम्याच्या धंद्याशी थेट संबंध पोचतो, तेवढेच गुन्हे तीत मोजले. आणि शिक्षा संपून पाच वर्षे झाली असल्यास अपात्रता संपल्याचे अधिकाऱ्याने सामान्यतः जाहीर करावे, असे सांगितले. गुन्ह्याचा धंद्याशी संबंध, काळाची मर्यादा, आणि निर्णय घेणारा एक जबाबदार अधिकारी, या तिन्ही गोष्टी तेथे आहेत. केंद्र सरकारने २०२० साली भाड्याच्या मोटारी पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांतही चालकाच्या मागील सात वर्षांतील दोषसिद्धीच विचारात घेतली होती. दिल्लीच्या त्या भयंकर घटनेला तेव्हा सहाच वर्षे झाली होती, तरीही सात वर्षांची मर्यादा पुरेशी वाटली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सरकारला हे तत्त्व अमान्य आहे असेही नाही. शिक्षा झालेल्या लोकप्रतिनिधींवर सहा वर्षांऐवजी जन्मभराची बंदी घालावी अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. सरकारी नोकर दोषी ठरला तर कायमचा घरी जातो, मग आमदार-खासदारच परत का येतात, असा याचिकाकर्त्याचा सवाल होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्या याचिकेला विरोध करणारे प्रतिज्ञापत्र सादर केले. अपात्रतेला काळाची मर्यादा घातल्याने जरब राहते आणि अनावश्यक कठोरपणाही टळतो, असा त्याचा आशय होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतील १८३ तरतुदींमधील फौजदारी शिक्षांची धार बोथट केली. उद्योगव्यवसाय सुलभ व्हावा हा त्यामागचा घोषित हेतू होता. दोन्ही भूमिका अगदीच असमंजस आहेत असे नाही. खासदारासाठी मांडलेला युक्तिवाद शब्दशः उचलून खासगी सुरक्षा कायद्याच्या दहाव्या कलमाला जोडला, तर एका ओळीची दुरुस्ती तयार होते. घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने व्यवसायस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा शासनाला दिली आहे. मुदत नसलेला, गुन्ह्याची जात न पाहणारा आणि अर्जाची सोय नसलेला निर्बंध वाजवी कसा, हे सिद्ध करण्याचा भार शासनावर आहे.

तोपर्यंत एकच आडवाट उरते, ती १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाची. त्याच्या तिसऱ्या वा चौथ्या कलमाखाली, म्हणजे समज देऊन किंवा सद्वर्तनाच्या हमीवर, न्यायालयाने ज्याला सोडले, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता बाधत नाही, असे बारावे कलम म्हणते. याचा परिणाम मोठा चमत्कारिक होतो. चोरीच्या गुन्ह्यात दोषी ठरून हमीवर सुटलेला माणूस रखवालदार होऊ शकतो, आणि वीस रुपये दंड भरून मोकळा झालेला होऊ शकत नाही. कोर्टात गुन्हा कबूल करून दंडाची पावती खिशात घालणाऱ्या माणसाला, दंडाऐवजी परिवीक्षेचा अर्ज कर, असे सांगणारा कोणी त्या क्षणी शेजारी नसतो. विधी सेवा प्राधिकरणाचे वकील प्रत्येक न्यायदंडाधिकाऱ्यासमोर एवढे एक वाक्य बोलू लागले, तर त्यासाठी संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागणार नाही.